निळ्यानंतर गुलाबी

माझ्या मामाचा गणपतींचा कारखाना पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला आहे. पत्र्याची लांब शेड, दोन्ही बाजूंना फळ्यांची मांडणी, आणि तिच्यावर ओळीने बसलेल्या शाडूच्या मूर्ती. मी शाळेत चित्रकला शिकवते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत इथे यायचे, माती मळायचे, साच्यातून काढलेल्या मूर्तीचे सांधे ओल्या ब्रशाने पुसायचे. रंगाच्या खोलीत मात्र मामा आम्हा मुलांना पाऊल टाकू द्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी शेडिंग करणारा त्याचा कारागीर गावी गेला तो परत आलाच नाही, आणि ऐन आषाढात मामाचा फोन आला. "अगं, शनिवार-रविवार येशील का? तुझा हात बसलेला आहे. एअरब्रश मी शिकवतो."

हवेच्या दाबाने रंग फवारणारा हा एअरब्रश धरायला मी दोन दिवसांत शिकले. धुवायला शिकेपर्यंत अख्खा श्रावण गेला. म्हणून धुण्याबद्दलच लिहिते आहे. रंगवायचं कसं हे सांगणारे पुष्कळ आहेत. दोन रंगांच्या मधली ती तीन-चार मिनिटं मात्र सगळे "मग ब्रश धुऊन घ्या" एवढ्यावर उरकतात, आणि मूर्तीचा चेहरा बिघडतो तो नेमका तिथे.

आधी हत्यार समजून घेऊ. आमच्याकडे दोन प्रकार चालतात. अंगाचा रंग, म्हणजे बॉडी कलर, मोठ्या स्प्रे गनने मारतात. गालांची लाली, सोंडेच्या वळ्या, कानाच्या आतला गुलाबी, पीतांबराच्या चुण्यांतली सावली, हे एअरब्रशचं काम. तो पेनासारखाच हातात धरायचा. वर रंगाची छोटी वाटी, आत आरपार गेलेली लांब सुई, पुढे तिच्या टोकावर बसणारं नोझल. माझ्या ब्रशचं नोझल 0.3 मिलिमीटरचं. बोटाखालचा ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, तोच मागे ओढला की सुई मागे सरकते आणि नोझलमध्ये जितकी फट पडेल तितका रंग बाहेर येतो. थोडा ओढला तर केसाएवढी रेघ, जास्त ओढला तर रुंद फवारा. हवेचा दाब आम्ही वीस पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस इंचाला वीस पौंडांच्या, आसपास ठेवतो.

हे इतक्या बारकाईने सांगायचं कारण, रंग लपतो कुठे ते यावरूनच कळतं. वाटीत लपत नाही, ती तर डोळ्यासमोर असते. तो लपतो वाटीच्या खालच्या गळ्यात, नोझलच्या आतल्या भिंतीला, नोझलवरच्या टोपीत, आणि सुईच्या मागच्या भागात, जिथे ती गळती अडवणाऱ्या एका छोट्या सीलमधून आरपार जाते तिथे.

मामाने पहिल्या दिवशी शिकवलेलं धुणं मी मन लावून करत होते. उरलेला रंग बाटलीत परत ओतायचा, वाटी फडक्याने पुसायची, पाणी भरायचं, ते फवारून टाकायचं. दुसरी वाटी, तिसरी वाटी. पाणी स्वच्छ दिसायला लागलं की झालं. आम्ही पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग वापरतो, त्यामुळे पाणी पुरेल असं मला वाटत होतं.

तो दिवस श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारचा. सकाळपासून पाऊस कोसळत होता. फूटभर उंचीच्या चाळीस मूर्तींच्या शेल्यांना मी निळं शेडिंग केलं. दुपारी जेवून आले, ब्रश तीन वाट्या पाण्याने धुतला, गुलाबी भरला, वर्तमानपत्रावर एक बारीक रेघ मारून पाहिली. स्वच्छ गुलाबी आली. मग चेहरे घेतले. पहिले चार सुरेख झाले. पाचव्याच्या डाव्या गालावर लाली जरा पसरट हवी होती, म्हणून ट्रिगर नेहमीपेक्षा मागे ओढला, आणि त्या गुलाबी गोलात जांभळट ठिपके उमटले. सात-आठ असतील, मोहरीपेक्षाही लहान. पण गणपतीच्या गालावर.

मी ओल्या ब्रशाने ते टिपायला गेले, तर ते पसरले आणि खालचा बॉडी कलरही उकलला. मामा आला, मूर्ती उजेडाकडे फिरवून त्याने नीट पाहिली. रागावला नाही. म्हणाला, "हात लावू नकोस आता. वाळू दे."

ती मूर्ती दुरुस्त करणं म्हणजे नुसता गाल रंगवणं नव्हतं. गालापुरता बॉडी कलर मारला तर ठिगळ दिसतं, कारण दोन वेळा मारलेल्या रंगाची छटा तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे सोंड, पोट, हात, सगळं समोरचं अंग पुन्हा मारावं लागलं. त्यासाठी पीतांबर आणि शेला कागदाने झाकावे लागले. आणि बाहेर धो धो पाऊस असताना शाडूवरचा रंग वाळायला वेळ लागतो. हॅलोजनसमोर फार जवळ ठेवली तर माती तडकायची भीती. एका मूर्तीपायी दीड दिवस गेला, आणि तो गणपती अलिबागकडच्या एका घरी दरवर्षी जाणारा, ठरलेला होता.

संध्याकाळी मामाने माझ्यासमोर तो ब्रश पूर्ण खोलला. मागची मूठ काढली, सुई धरून ठेवणारी छोटी चकती सैल केली, सुई सावकाश मागे ओढून काढली आणि पांढऱ्या कापसावर ठेवली. टोक स्वच्छ होतं. टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे सुईभोवती निळी अंगठी होती, अर्धी ओली, अर्धी सुकलेली. मग त्याने छोट्या पान्याने नोझल काढलं, आत बारीक ब्रश फिरवला, आणि कापसावर निळा डाग उमटला.

"पाणी स्वच्छ आलं होतं ना गं?"

"तिन्ही वेळा."

"कारण तू ट्रिगर अर्धाच ओढत होतीस. रंग असतो भिंतीला. सुई पूर्ण मागे गेल्याशिवाय पाणी तिथे पोचतच नाही."

आता मागे वळून पाहते तेव्हा तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या असं दिसतं. जेवायला गेले तेव्हा वाटीत निळा तसाच होता. अॅक्रिलिकचा घोळ हा की तो ओला आहे तोवरच पाण्याचा. त्यातलं पाणी उडालं की रंगातले कण एकमेकांना चिकटून प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो, आणि मग कितीही पाणी घाला, तो विरघळत नाही, फक्त तुकडे सुटतात. ते तुकडेच ठिपके होऊन गालावर आले. दुसरं म्हणजे माझी चाचणीची रेघ बारीक होती, आणि बारीक रेघेला सुई जेमतेम सरकते. तिसरं म्हणजे निळा तो थॅलो ब्लू. चित्रकलेचा प्रत्येक विद्यार्थी हे शिकतो की थॅलोचा थेंबभर रंग वाटीभर पांढऱ्याला निळं करतो. मी वर्गात हे दरवर्षी सांगते. नोझलमध्ये राहिलेला निळा कण गुलाबीत कसा दिसेल, हा हिशेब मात्र त्या दुपारी माझ्या डोक्यात आला नाही.

त्यानंतर जे धुणं मी शिकले ते असं. रंग संपवून उरलेला बाटलीत. वाटीत आधी मऊ ब्रशाने थोडं पाणी फिरवायचं आणि ते बाहेर ओतून टाकायचं. हे पहिलं, सगळ्यात घाण पाणी नोझलमधून फवारायचं नाही, कारण वाटीतला गाळ आपण आपल्या हाताने पुढच्या अरुंद भोकात ढकलतो. दुसऱ्या पाण्याला समोरच्या टोपीवर ओलं फडकं बोटाने हलकं दाबून धरायचं आणि ट्रिगर मागे घ्यायचा. हवेला पुढे वाट मिळत नाही, ती उलटी वाटीत येते आणि पाणी खदखदतं. या बुडबुड्यांनी गळ्यातला रंग सुटतो. पहिल्यांदा हे करताना मी ट्रिगर झटक्यात ओढला आणि रंगीत पाणी थेट चष्म्यावर आलं, म्हणून वाटीवर झाकण ठेवून, हळूहळू. खदखदलेलं पाणी पुन्हा ओतून टाकायचं. तिसरं पाणी फवारायचं, झाकणाला भोक पाडलेल्या बरणीत, म्हणजे खोलीत धुकं होत नाही. ते फवारताना ट्रिगर मागे-पुढे, मागे-पुढे, आणि शेवटी पूर्ण मागे. मग कोरड्या हवेचे दोन-चार झोत, कारण आत राहिलेला पाण्याचा थेंब पुढच्या रंगाची पहिली रेघ पचपचीत करतो.

आणि चाचणी पांढऱ्या कागदावर, ट्रिगर शेवटपर्यंत ओढून. वर्तमानपत्राच्या करड्या कागदावर फिकी झाक कळत नाही. मी आता शाळेतल्या कोऱ्या ड्रॉइंग पेपरचे तुकडे नेते.

सुई प्रत्येक वेळी काढायची का, यावर मामाचं आणि माझं आजही जमत नाही. तो म्हणतो, जितक्या वेळा काढशील तितक्या वेळा टोक आपटायची भीती. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मला पुढच्याच आठवड्यात कळलं. घाईत सुई परत घालताना ती नोझलला जरा जोरात जाऊन टेकली. फवारा एका बाजूला झुकायला लागला. सुईचं टोक नखावरून अलगद ओढून पाहिलं तर ते खरवडत होतं, म्हणजे टोकाला डोळ्यांना न दिसणारा आकडा पडला होता. तात्पुरती ती गुळगुळीत पोलादी पट्टीवर ठेवून, फिरवत फिरवत सरळ केली, पण अशा टोकावर रंग साचत राहतो. मुंबईहून नवी सुई येईपर्यंत माझं काम अडलं. तरीही माझं मत असं की बॉडी कलर, पांढरा आणि चेहऱ्याचा गुलाबी यांच्याआधी सुई काढून पुसायचीच, मागून टोकाकडे, कापसात गुंडाळून फिरवत. मात्र आधी पाण्याने धुऊन मगच. रंगाने माखलेली सुई तशीच मागे ओढली तर तो रंग सीलमध्ये जाऊन बसतो, आणि माझ्या त्या निळ्या अंगठीसारखं होतं.

यापेक्षाही मोठी गोष्ट मामाने सहज बोलता बोलता सांगितली. मी तक्रार करत होते की दिवसाला वीस-वीस वेळा धुवावं लागतं. तो म्हणाला, "मग मूर्तीमागून मूर्ती का घेतेस? रंगामागून रंग घे." मी एक मूर्ती पूर्ण करून दुसरी हातात घेत होते, चित्रकाराची सवय. कारखान्याची रीत वेगळी. एक रंग भरला की फळीवरच्या सगळ्या मूर्तींचं त्या रंगाचं काम संपवायचं. आणि रंगांची रांगही ठरलेली. पिवळा, मग केशरी, मग लाल, मग मरून. पिवळ्याचा अंश केशरीत गेला तर काही बिघडत नाही, त्यामुळे मधे एक वाटी पाणी पुरतं. पीतांबराचं सगळं शेडिंग या एका उतरंडीत होतं. गडदाकडून फिक्याकडे यायचं, किंवा लालवरून हिरव्यावर जायचं, तेव्हाच पूर्ण धुणं. चेहऱ्याचा गुलाबी सकाळी सगळ्यात आधी, आदल्या रात्री खोलून साफ केलेल्या ब्रशाने. दिवसभरात मोठी धुणी वीसवरून चारवर आली. मूर्ती ओळीने बसलेल्या असताना एकाच रंगाचा हात सलग फिरला की चाळीसही गालांची लाली सारखी येते, हा त्याचा दुसरा फायदा.

सोनेरीला मात्र या रांगेत जागा नाही. त्यातली चमक बारीक चपट्या कणांची असते, आणि ते कण कुठल्याही धुण्याला पूर्ण दाद देत नाहीत. आठवड्याने मारलेल्या रंगातही एखादा लखलखता कण सापडतो. मुकुट आणि दागिन्यांच्या सोनेरीसाठी मामाने जुना ब्रश वेगळा ठेवला आहे, त्याच्या मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळून. माझं ऐकाल तर ज्यांना दुसरा ब्रश घेणं परवडतं त्यांनी आधी तो सोनेरीसाठी घ्यावा.

पावसाळ्याने आणखी एक गोंधळ घातला. एके दिवशी व्यवस्थित धुऊन, सुकवून, पांढऱ्या कागदावर तपासूनही रंगात मधेच पाण्याचे शिंतोडे यायला लागले. मी तीनदा ब्रश खोलला. दोष ब्रशात नव्हताच. श्रावणातली कोकणची हवा कंप्रेसरने दाबली की तिच्यातली वाफ टाकीत आणि नळीत पाणी होऊन साठते, आणि तेच पाणी फवाऱ्यातून येतं. नळीवर पाणी अडवणारी काचेची छोटी बाटली होती, ती गळ्यापर्यंत भरलेली. तेव्हापासून दर दोन तासांनी तिचा खालचा नॉब सोडून पाणी काढते आणि संध्याकाळी टाकीही रिकामी करते. वाटीत मात्र काम चालू असताना आपोआप बुडबुडे येत असतील तर ते पाणी नव्हे. नोझल नीट बसलेलं नसतं आणि हवा मागे शिरत असते. ते घट्ट करतानाही जपून, दोन बोटांच्या ताकदीने. एवढंसं नोझल पान्याने आवळलं की चिरतं.

सुकलेल्या रंगासाठी आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. वाटीत थोडं घालून पाच मिनिटं ठेवायचं, पापुद्रा मऊ होतो, मग तो मऊ ब्रशाने घासून काढायचा. खिडक्या उघड्या आणि तोंडावर मास्क. अल्कोहोल फवारताना तर मास्क हवाच. कारखान्यात कुणीतरी काच पुसायचा निळा स्प्रे आणला होता, कारण त्याने रंग झटकन सुटतो. पण अशा काही स्प्रेंत अमोनिया असतो आणि ब्रशाचं अंग पितळेचं. वारंवार वापरला की वरचा मुलामा आणि खालचं पितळ दोन्ही खराब होतात. मागे एकदा एका कामगाराने अख्खा ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवला होता. सकाळी आतली रबरी रिंग फुगलेली आणि ट्रिगर जागीच अडकलेला. थिनर ऑइलपेंटच्या कामाचं, आणि तेही रिंग काढून ठेवल्यावर.

डोळ्यांची आखणी अजूनही हाताने होते, आणि ती करणारे नाना आमच्या रंगखोलीत येत नाहीत. फवाऱ्याचं धुकं ओल्या डोळ्यावर बसतं म्हणून ते बाहेर पडवीत बसतात, मांडीवर मूर्ती घेऊन. गालांची लाली झालेली मूर्ती मी त्यांच्याकडे नेते. ते आधी चष्मा कपाळावर चढवून चेहरा जवळून बघतात. ती ठिपके पडलेली मूर्ती दुरुस्त होऊन त्यांच्याकडे गेली तेव्हा मी काही बोलले नव्हते. त्यांनी डाव्या गालाशी अंगठा नेला, न टेकवता, आणि म्हणाले, "इथे दोन हात बसलेत."

"हो नाना, माझ्याकडून निळा उडाला होता."

"दिसत नाही कुणाला. मी डोळा जरा खाली घेतो, नजर पायाशी जाईल," असं म्हणून त्यांनी पापणीची पहिली रेघ ओढली. मी तिथेच उभी राहून दोन्ही डोळे पूर्ण होताना पाहिले. तो गणपती ठरलेल्या दिवशी अलिबागकडे गेला.

धुतलेलं पाणी आम्ही गटारात सोडत नाही. पेणमधून भोगावती वाहते आणि शेतांचे पाट आसपासच आहेत. दिवसभराचं पाणी एका मोठ्या बादलीत जमतं. रात्री मामी त्यात तुरटी फिरवते. सकाळपर्यंत बराचसा रंग तळाला बसतो, वरचं निवळ पाणी ब्रशाच्या पहिल्या धुण्याला पुन्हा वापरतो. हरतालिकेच्या आदल्या दिवशी शेवटची गाडी गेल्यावर मी आणि मामीने ती बादली उन्हात उपडी केली. तळाचा गाळ भाकरीसारखा निघाला. मामीने तो मोडला तेव्हा आत थर दिसले, वर गुलाबी, मग मरून, केशरी, मधे एक जाड निळा. तो निळा त्या शनिवारचा असावा. तिने तुकडे जुन्या सिमेंटच्या पिशवीत भरले आणि पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं.